दशावतारात संहिता नसते, मग संवाद येतात कुठून?

2025 मध्ये 'दशावतार' सिनेमा आला आणि कोकणातल्या दशावतारी नाटकांबद्दल बाहेरही कुतूहल वाढलं. राजा आणि राक्षस एकमेकांना पल्लेदार वाक्यांत सुनावतायत, अशी एखादी क्लिप तुम्हीही पाहिली असेल. गंमत म्हणजे ही वाक्यं बहुतेकदा कुणी लिहिलेलीच नसतात!

सिंधुदुर्गातल्या जत्रांमध्ये रात्रभर चालणाऱ्या पारंपरिक दशावताराला लिखित संहिता नसते. आज कोणतं आख्यान, कुणाची कोणती भूमिका आणि कोणत्या प्रसंगानंतर कोणता, एवढं ठरतं. बाकी सगळं रंगमंचावर.

म्हणजे तयारीच नाही? उलट आहे. रामायण, महाभारत, पुराणांतल्या कथा डोक्यात पक्क्या हव्यात. समोरच्याने टोला हाणला की लगेच तोडीस तोड उत्तर द्यायचं, तेही कथानक न सोडता. पेटी आणि पखवाजवाल्यांनाही कान टवकारूनच बसावं लागतं, कारण संवाद नेमका कुठे संपेल हे त्यांनाही आधी माहीत नसतं. राजे-देव प्रमाण मराठीत बोलतात, संकासुरासारखं हसवणारं पात्र मात्र मालवणीत. मला विचाराल तर खरा कस तिथेच लागतो. समोर बसलेल्या गावाला हसवायचं म्हणजे त्या गावाची नस माहीत हवी.

प्रश्न आहे तो नव्या कलाकारांचा. वाचून शिकायला पुस्तक नाही. छोट्या भूमिका करत, बाजूला उभं राहून ऐकत शिकायचं. जुना नट थांबला की त्याचे संवादही थांबतात. क्लिपमध्ये त्यातली एक रात्र उरते. दुसऱ्या रात्री त्याच नटाने तोच प्रसंग वेगळ्या शब्दांत केलेला असतो.