गळाला लागण्याआधी...

आपल्यापैकी बहुतेकांचा फिशिंगशी संबंध म्हणजे मेसमधला रविवारचा मासा (तोही नशिबात असेल तर), किंवा डिस्कव्हरी चॅनलवरचा कुणीतरी गोरा माणूस बोटीवर उभा राहून ओरडताना बघणं. माझाही तेवढाच होता. पण गेल्या डिसेंबरात बाबांच्या एलटीसीवर आम्ही अंदमानला गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मी एक फिशिंग चार्टर बुक केलं. त्यात काय चुकलं, काय जमलं आणि काय समजलं ते सगळं इथे लिहितेय. सुट्टीत तारकर्लीला, गोव्याला किंवा आणखी लांब जाणाऱ्यांना याचा उपयोग होईल.

चार्टर म्हणजे नक्की काय?

फिशिंग चार्टर म्हणजे बोट, डिझेल, कॅप्टन, एक-दोन खलाशी आणि रॉड-रीलसकट सगळं सामान काही तासांसाठी भाड्याने घेणं. सोबत एक गाईड असतो. छोट्या बोटीवर कॅप्टन आणि गाईड बहुधा एकच माणूस असतो. हाफ डे म्हणजे चार-पाच तास, फुल डे म्हणजे आठच्या आसपास.

आम्ही हॅवलॉकला उतरलो होतो. या बेटाचं नाव 2018 साली स्वराज द्वीप झालं, आणि पोर्ट ब्लेअरचं 2024 मध्ये श्री विजयपुरम. पण जेट्टीवर अजून सगळे जुनीच नावं घेतात. इथल्या प्रवाळाच्या कडांवर जायंट ट्रेवली नावाचा मासा असतो, फिशिंगवाले त्याला नुसतं 'जीटी' म्हणतात. पन्नास किलोच्या वर जाऊ शकणारा हा पैलवान पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन आमिषावर तुटून पडतो. त्याच्यासाठी जगभरातून हौशी लोक इथे येतात.

मामाचा प्रश्न

मी इंजिनियरिंगची स्टुडंट असल्यामुळे साहजिकच तीन-चार जणांचे रेट्स काढून एक्सेल शीट केली! सगळ्यात स्वस्त कोण ते शोधलं आणि हर्णैच्या मामाला अभिमानाने फोन केला. मामा स्वतः मच्छीमार नाही, पण त्याचं सगळं आयुष्य बंदरावर गेलंय. तो म्हणाला, "भाव नंतर विचार गो. आधी त्या तांडेलाला विचार, तू कधी जात नाहीस?"

मला हा प्रश्न जरा विचित्रच वाटला. तरी मी तो तिघांना मेसेज केला. एकाने लिहिलं, "नो प्रॉब्लेम मॅडम, डेली गोइंग." दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही. तिसऱ्याने मात्र सविस्तर लिहिलं: वारा इतका असेल तर नाही, वीज कडकडत असेल तर नाही, हवामान खात्याचा इशारा असेल तर नाही. त्या दिवशी मी नाही म्हटलं तर दुसरा दिवस देईन, दुसरा दिवस तुम्हाला जमत नसेल तर अ‍ॅडव्हान्स पूर्ण परत. त्याचा रेट माझ्या शीटमध्ये दोन नंबरवर महाग होता. मामाच्या धाकाने मी त्यालाच फायनल केलं आणि निम्मी रक्कम भरली.

पहाटेचा फोन

ठरलेल्या दिवशी पहाटे साडेचारला फोन आला. बंगाली वळणाच्या हिंदीत कॅप्टन दादा म्हणाले, "आज नहीं जाएगा. हवा ठीक नहीं है." झालं! मी चिडले आणि बाबा माझ्यापेक्षा जास्त चिडले. दुपारी आम्ही राधानगर बीचवर गेलो, तर समोर पाणी अगदी ताटात ओतल्यासारखं शांत. बाबा म्हणाले, "हे बघ तुझं वादळ! त्याला दुसरं मोठं गिऱ्हाईक मिळालं असणार."

मलाही तसंच वाटलं. पण संध्याकाळी विजयनगरला आमच्या हॉटेलवर परतलो, तर तिथे समुद्र पांढरा फेसाळलेला होता आणि माडाच्या झावळ्या आडव्या झाल्या होत्या. बेट तेच, दिवस तोच! मग मॅप काढून बसले आणि ट्यूब पेटली. डिसेंबरात इथे वारा ईशान्येकडून येतो. राधानगर पश्चिमेला आहे, म्हणजे वाऱ्याच्या आणि पाण्याच्या मध्ये जंगलाने भरलेलं अख्खं बेट उभं. विजयनगर पूर्वेला, उघड्यावर. फिशिंगच्या जागा तर आणखी बाहेर, जिथे कसलाच आडोसा नाही. टूरिस्टला जो समुद्र दिसतो तो बेटाच्या सावलीतला असतो, कॅप्टनला बाहेरच्या समुद्रात जायचं असतं. बाबांना स्केच काढून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण चहा मागवला. आमच्या घरात याचा अर्थ 'मान्य' असा होतो.

'नाही' म्हणणाऱ्या माणसाची किंमत काय असते, हे समजायला दोन तारखा पुरेशा आहेत. 26 जानेवारी 2014 ला पोर्ट ब्लेअरजवळ क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं भरलेली टूरिस्ट बोट बुडाली आणि अनेक जणांचा जीव गेला. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हा बोटीवरच्या अनेकांच्या अंगात लाईफ जॅकेट नव्हतं. दोन्ही वेळा लोक सुट्टी एन्जॉय करायलाच निघाले होते.

तारीख कशी ठरवावी?

मे ते सप्टेंबर नैऋत्य मान्सून असतो, तेव्हा विचारही करू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांची भीती, आणि ती डिसेंबरातही पूर्ण जात नाही. डिसेंबर 2016 मध्ये वादळी हवामानामुळे शेकडो पर्यटक हॅवलॉक आणि नीलवर अडकले होते, शेवटी नौदलाची जहाजं पाठवून त्यांना आणावं लागलं. म्हणून चार्टर कधीही ट्रिपच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवा, म्हणजे कॅन्सल झालं तरी हातात दिवस उरतात. आम्ही वाचलो ते फक्त यामुळे.

दुसरी गोष्ट म्हणजे तिथी! आपल्या कोकणातले मच्छीमार उधाण आणि भांग हे शब्द वापरतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, भरती-ओहोटीतला फरक मोठा होतो, ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात, फरक छोटा, तो भांग. पाणी जोरात वाहतं तेव्हा छोटे मासे प्रवाळाच्या कडेला ढकलले जातात आणि मोठे मासे तिथे टपून बसतात. पाणी स्थिर झालं की त्यांचीही जणू लंच ब्रेक! त्यामुळे "सकाळी किती वाजता?" असं विचारण्यापेक्षा "त्या दिवशी पाणी किती वाजता वाहणार?" असं विचारा. चांगला गाईड खूश होऊन उत्तर देतो.

तिसरी गोष्ट घड्याळाची. आपला आयएसटी 82.5 अंश रेखांशावरून ठरतो. अंदमान साधारण 93 अंशावर. प्रत्येक अंशाला 4 मिनिटं धरली तर 10.5 गुणिले 4, म्हणजे 42 मिनिटं सूर्य आधी. डिसेंबरात तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून दुपारी दोनला सुरू होणारी 'हाफ डे' ट्रिप प्रत्यक्षात फार छोटी निघते. सकाळचीच घ्या.

पैसे भरण्याआधी विचारा

रेट बोटीचा आहे की माणशी? (मी माणशी समजून बजेट केलं होतं, तो बोटीचा निघाला. ही एकच चूक माझ्या फायद्याची झाली.) तास जेट्टीपासून मोजणार की जागेवर पोचल्यापासून? डिझेल धरलंय का? आमिष तुटून गेलं तर पैसे कोण देणार? एका वेळी किती जण कास्ट करू शकतात? बोटीवर आठ माणसं मावतात म्हणून आठ जणांनी मोठे हूक फिरवायचे नसतात, कुणाच्या तरी कानात अडकतात.

बोट रजिस्टर्ड आहे का, मंजूर प्रवासी संख्या किती, प्रत्येकाला मापाचं लाईफ जॅकेट आहे का, व्हीएचएफ रेडिओ आहे का, इंजिन एक की दोन, हेही विचारा. ऑपरेटरकडे फिशिंगचा परवाना आहे का तेही बघा. जागा कुठली आहे ते कळू द्या, कारण वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आणि हॅवलॉकजवळचं राणी झाशी सागरी राष्ट्रीय उद्यान इथे मासेमारीला बंदी आहे. "चालतं हो, कोण बघतंय" म्हणणारा माणूस लाईफ जॅकेटच्या बाबतीतही तेच म्हणत असणार.

मी आणि माझा क्लच

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही निघालो, ज्यादा एकही रुपया न देता. निघताना कॅप्टन दादांनी रील माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ये नॉब को हाथ नहीं लगाना." तो नॉब ड्रॅगचा. बाईकचा क्लच उघडलेला पाहिला असेल तर ड्रॅग लगेच समजेल. आत एकमेकांवर दाबलेल्या चकत्या असतात, नॉब आवळला की घर्षण वाढतं. मासा ठराविक ताकदीपेक्षा जास्त ओढायला लागला की चकत्या घसरतात, दोरी सुटते आणि तुटण्यापासून वाचते. दोरी 80 पौंडांची, म्हणजे साधारण 36 किलोची असेल तर ड्रॅग तिच्या एक तृतीयांशावर, 12 किलोच्या आसपास ठेवतात.

तासाभराने पाण्यात बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला आणि माझी रॉड वाकली. दोरी सुसाट निघाली. स्पूल रिकामा होताना बघून मी घाबरले आणि नॉब आवळला. कॅप्टन दादा ओरडले, पण तोपर्यंत फट्! दोरी तुटलेली, मासा गेलेला.

बोटीवर बसून मला फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवलं. टॉर्क म्हणजे बल गुणिले त्रिज्या. ड्रॅगचा टॉर्क तेवढाच राहतो, पण स्पूलवरची दोरी कमी झाली की त्रिज्या कमी होते. त्रिज्या निम्मी झाली तर दोरीवरचा ताण आपोआप दुप्पट, 12 चे 24 किलो, नॉबला हात न लावता! त्यात मी अजून आवळला. हे मला परीक्षेत दहा मार्कांना आलं असतं तर मी बरोबर लिहिलं असतं. कॅप्टन दादांनी टॉर्कचं नाव घेतलं नाही, पण त्यांच्या हाताला ते ठाऊक होतं.

मासा कुणाचा?

नंतर एक छोटा जीटी आला, कॅप्टन दादांच्या अंदाजाने आठ किलोचा. बाबांच्या डोळ्यासमोर लगेच कालवण तरळलं. पण मेसेजमध्ये आधीच ठरलं होतं, मासा सोडायचा. असे मोठे मासे वाढायला बरीच वर्षं लागतात, ते संपले तर बोटीवर कोण येणार? त्यांनी हात ओले केले, माशाच्या पोटाखाली आधार देऊन त्याला आडवं धरलं, काटा नसलेला हूक चटकन काढला, एक फोटो आणि पाण्यात. म्हणून खायचा की सोडायचा, हेही बुकिंगच्या वेळीच स्पष्ट करून घ्या, नाहीतर बोटीवर भांडण ठरलेलं.

सोडायचाच असेल तर खोल पाण्यातला हेकरू, म्हणजे ग्रुपर, टाळलेला बरा. 30 मीटरवर दाब 4 अ‍ॅटमॉस्फिअर असतो. बॉईलच्या नियमाने वर येताना त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीतला वायू चौपट व्हायला बघतो. असा मासा सोडला तरी खाली जाऊ शकत नाही, पोट वर करून तरंगत राहतो. मग त्याला 'सोडला' म्हणणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

जाता जाता

बोट लागण्यावरची गोळी निघण्याच्या तासभर आधी, आणि डॉक्टरांना विचारून घ्या. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी माशांच्याच उपयोगी पडते, विचारा आमच्या बाबांना!

घरी आल्यावर मी ती एक्सेल शीट परत उघडली. त्यात रेट, तास, माणसं, डिस्काउंट असे अकरा कॉलम होते. 'कधी जात नाही' हा कॉलमच नव्हता. आता घातलाय, आणि सगळ्यात पहिला. तारकर्लीला स्कूबा करा, घारापुरीची लाँच घ्या नाहीतर अंदमानला जीटीच्या मागे लागा, पैसे ट्रान्सफर करण्याआधी माझ्या मामाचा प्रश्न तेवढा विचारा. आणि पहाटे साडेचारला 'आज नाही' असा फोन आला तर चिडू नका. चहा मागवा.