बॅटरीवरची छोटी गाडी घेताना

गेल्या दिवाळीत आमच्या परिचयाच्या एका निवृत्त गुरुजींना अमेरिकेतल्या मुलाने बॅटरीवर चालणारी स्कूटर आणून दिली. गुरुजींचा डावा पाय लहानपणी पोलिओने अधू झालेला. कॅलिपर आणि काठीच्या जोरावर त्यांनी सारी नोकरी केली, पण साठी उलटल्यावर चालणे जड होऊ लागले. गाडी आली आणि दोन महिने ओसरीतच पडून राहिली. कारण काय, तर सुटी केल्यावरही तिचा एक भाग वीस किलोंचा, आणि तो चार पायऱ्या खाली उतरवायला घरात काकू एकट्या! शिवाय सोबतचा चार्जर फक्त ११० व्होल्टचा. आपल्याकडच्या २३० व्होल्टला जोडला असता तर जळालाच असता.

ही गाडी म्हणजे रस्त्यावरची स्कूटर नव्हे. बैठक, पुढे हँडल, तीन किंवा चार लहान चाके आणि खाली बॅटरी. वेग भरभर चालणाऱ्या माणसाइतका किंवा थोडा अधिक. १९६८ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यात अॅलन थीम यांनी घरातल्याच रुग्णासाठी अशी गाडी बनवली, आणि पुढे ती प्रचारात आली.

घरातल्या घरात चालता येते, पण बाजारापर्यंत जाववत नाही, अशांसाठी ती आहे. हृदय किंवा फुप्फुसे कमकुवत असलेल्यांना तिचा चांगला उपयोग होतो. पोलिओ होऊन गेलेल्यांचा प्रश्न जरा वेगळा. आपल्या देशात या रोगाचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. पण त्याआधी ज्यांना तो झाला, ती माणसे आज उतारवयात आहेत. रोगातून वाचलेल्या मज्जापेशी वर्षानुवर्षे दुप्पट काम करून थकतात आणि पुन्हा अशक्तपणा, वेदना, थकवा सुरू होतो. जंतू परत आलेले नसतात. अशा रुग्णाने ओढूनताणून चालणे हिताचे नाही. उलट नुसते गुडघे झिजलेल्याने गाडी आली म्हणून चालणे सोडले, तर मांडीचे स्नायू लवकरच रोडावतात. त्याने लांबच्या अंतरालाच गाडी वापरावी.

बसल्यावर तोल राहत नाही, हातात पकड नाही, नजर फार अधू आहे, फिट्स येतात किंवा विसरभोळेपणा वाढला आहे, अशांना ही गाडी देऊ नये.

आता निवड. दुकानदार एकूण वजन सांगतो. आपण सर्वांत जड भागाचे वजन विचारावे आणि जो रोज उचलणार आहे त्याच्याकडूनच तो दुकानात उचलून घ्यावा. घडीची गाडी सोयीची वाटते, पण तिचे सगळे वजन एकदम उचलावे लागते. मोटारीची डिकी आधी टेपने मोजावी. तीन चाकांची गाडी अरुंद जागेत वळते, चार चाकांची उतारावर कमी कलंडते. जमिनीपासूनची उंची जरूर पाहावी. दोन-तीन इंचांची असेल, तर आपल्याकडच्या गतिरोधकावर ती अडकायचीच.

आणखी एक खटका नीट समजून घ्यावा. गाडी हाताने ढकलण्यासाठी तो मोकळा करतात, पण त्याबरोबर ब्रेकही सुटतो. उतारावर त्याला हात लावू नये. लिथियमची बॅटरी मूळ चार्जरनेच, घरात कोणी जागे असताना चार्ज करावी.

विमानाने जायचे असेल तर बॅटरी सहज निघणारी हवी. व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणावे. २४ व्होल्ट, १० अँपिअर-तास म्हणजे २४० वॅट-तास. काढता येणारी लिथियमची एक बॅटरी ३०० वॅट-तासांपर्यंत चालते, आणि ती सामानात न टाकता स्वतःजवळ न्यावी लागते. कंपनीला किमान दोन दिवस आधी कळवून परवानगी घ्यावी. बहुतेक मेल-एक्स्प्रेस गाड्यांना दिव्यांगांचा डबा असतो, त्याचे दार रुंद असते. तरी गाडी चढवायला माणूस लागतोच.

ज्यांना प्रवास नाही, गावातच हिंडायचे आहे, त्यांनी आधी बॅटरीच्या तीनचाकी सायकलीचा विचार करावा. तिची मोठी चाके आपल्या रस्त्यांना मानवतात. कानपूरची ‘अॅलिम्को’ ती बनवते आणि केंद्राच्या ‘एडिप’ योजनेत पात्र व्यक्तींना ती मिळू शकते. त्यासाठी अपंगत्वाचे प्रमाण बरेच जास्त आणि उत्पन्न मर्यादेत असावे लागते. दिव्यांग प्रमाणपत्र घेऊन जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी.

गुरुजींनी ओसरीला उतार बांधायचे ठरवले होते. पण एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. दोन फुटांच्या ओसरीला चोवीस फूट कुठून आणणार? शेवटी शेजारच्या दुकानदाराने आपल्या गाळ्यात गाडीला जागा दिली. २३० व्होल्टचा चार्जर मागवला. बॅटरी तेवढी काकू घरी नेतात, ती तीनच किलोंची आहे. गुरुजी कठड्याला धरून चार पायऱ्या उतरतात आणि सकाळी नऊला वाचनालयात हजर असतात.