खिडकीतले रोप सरळ कसे वाढेल?

भिवंडी, मालेगाव किंवा मुंबईच्या दाट वस्तीत अनेक घरांना एकच खिडकी असते. अंगण नसते, गच्चीही नसते. तरीही लोक हौसेने जुन्या डब्यात किंवा कुंडीत रोप लावतात आणि ते खिडकीत ठेवतात. थोड्याच दिवसांत रोप बाहेरच्या बाजूला झुकू लागते. काही जणांना वाटते, रोपाला रोग झाला. ते रोप फेकून देतात. पण हा रोग नाही. रोप प्रकाशाकडे वळलेले असते.

असे का होते? पाने प्रकाशाच्या मदतीने अन्न तयार करतात, म्हणून रोपाला प्रकाश हवा असतो. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या रोपांच्या शेंड्यांवर प्रकाश आत न जाऊ देणाऱ्या टोप्या घातल्या. ती रोपे प्रकाशाकडे वाकली नाहीत. उघड्या शेंड्यांची रोपे मात्र वाकली. हे त्यांनी १८८० साली आपल्या पुस्तकात लिहिले. पुढे शास्त्रज्ञांना शेंड्यात तयार होणारे ‘ऑक्झिन’ हे द्रव्य सापडले. प्रकाश एकाच बाजूने आला, की हे द्रव्य सावलीच्या बाजूला जास्त जमते. त्या बाजूच्या पेशी अधिक लांब होतात आणि खोड प्रकाशाकडे वाकते.

यावर उपाय सोपा आहे. दर आठवड्याला कुंडी एकाच दिशेने पाव फेरा फिरवा. चार आठवड्यांत रोपाच्या चारही बाजूंना प्रकाश मिळेल. कुंडीमागे पांढरा पुठ्ठा उभा करा. त्यावरून परतलेला उजेड मागच्या पानांवर पडतो. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा. रोप उंच आणि बारीक झाले, तर शेंडा खुडा. म्हणजे बाजूला फांद्या फुटतील. वाकलेले जुने खोड ओढू नका, ते मोडेल. त्याला काठीचा आधार द्या.

कमी उजेडात रोपाला पाणीही कमी लागते. वरची माती कोरडी लागली, तरच पाणी घाला. नाहीतर मुळे कुजतात. गुलाब आणि मोगरा यांना भरपूर ऊन हवे. मनी प्लांट मात्र कमी उजेडातही तग धरतो.

मुलांनो, वाकलेले रोप फेकू नका. आधी कुंडी फिरवून पाहा!

शब्दार्थ
दाट वस्ती – जवळजवळ घरे असलेला भाग
शेंडा – रोपाचे वरचे टोक
खुडणे – बोटांनी तोडणे
तग धरणे – टिकून राहणे

स्वाध्याय
१. रोप खिडकीकडे का वाकते?
२. कुंडी का फिरवावी?
३. दोन डब्यांत मूग पेरून खिडकीत ठेवा. एकच डबा रोज फिरवा. आठ दिवसांनी काय दिसले, ते पाच वाक्यांत लिहा.