मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा

‘मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा’ ही म्हण मी गेली अठरा वर्षे वर्गात समजावून सांगत आले आहे. मोरीतून काही वाहून जाऊ नये म्हणून तिला बोळा घालायचा आणि पुढचे दार मात्र सताड उघडे टाकायचे. क्षुल्लक गोष्टीत काटकसर, नि मोठ्या गोष्टीत गहाळपणा! मुले हसतात, मीही हसते. पण या म्हणीचा खरा अर्थ मला कळला तो यंदाच्या श्रावणात, आमच्याच मोरीच्या बंद दाराशी उभी असताना.

सकाळची वेळ. सासूबाई आंघोळीला गेलेल्या. मी पोळ्या लाटत होते आणि एकाएकी धप्पकन आवाज आला.

“आई, काय झालं?”

“काही नाही गं, बसलेय मी,” आतून क्षीण आवाज आला. “उठता तेवढं येत नाहीये.”

कडी त्यांनी कशीबशी हात लांबवून काढली. पण दार उघडेना. आमचे दार आत उघडणारे आणि सासूबाई पडल्या होत्या नेमक्या त्याला टेकून! जोराने ढकलावे तर त्यांना लागणार. बिजागऱ्या आतल्या बाजूला. अखेर सुताराला बोलावून दाराची वरची फळी कापली, आमची मुलगी त्यातून आत उतरली आणि आजीला अलगद बाजूला सरकवले, तेव्हा कुठे दार उघडले. पाऊण तास गेला. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लॅस्टर. “मनगटावर निभावलं,” असे जो येई तो म्हणे. मला मात्र रात्री झोप लागेना. दोन वर्षांपूर्वी दिवाणखान्याचे पडदे आणि सोफा बदलताना आम्ही मागेपुढे पाहिले नव्हते. आणि न्हाणीघराच्या गुळगुळीत झालेल्या फरशीकडे पाहून ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत आलो होतो. मोरीला बोळा, दुसरे काय!

आमची पुण्यातली जागा १९८६ सालची. न्हाणीघर चार फूट रुंद, सहा फूट लांब, संडास वेगळा. भिंतींवर गुलाबी टाइल्स आणि मधूनच एका टाइलवर मान वेळावलेला हंस. त्या काळी तो हंस म्हणजे अगदी शेवटली फॅशन होती म्हणे! आता त्याच्याकडे पाहिले की हसू येई. भरीला खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छताला आमच्या कृपेने ओल आलेली.

दुरुस्तीसाठी आमच्या यांनी दीड लाख रुपये बाजूला काढले. एका मोठ्या दुकानात चौकशी केली, तर तिथल्या तरुणाने संगणकावर सुंदर चित्र काढून दाखवले आणि खाली आकडा लिहिला: तीन लाख चाळीस हजार! त्यात काचेचा आडोसा होता, खोटे छत होते, संगमरवरासारखी दिसणारी भिंत होती. “दार बाहेर उघडेल का?” असे मी विचारले. तो म्हणाला, “मॅडम, ते चित्रात दिसत नाही.”

घरी येऊन आम्ही चौघे कागद घेऊन बसलो. मुलीला काचेचा आडोसा हवा होता, यांना मोठा आरसा, आणि सासूबाईंना फक्त त्यांचे तांब्याचे घंगाळ ठेवण्यापुरती जागा. बऱ्याच वादावादीनंतर एक नियम ठरला. जे भिंतीच्या आणि जमिनीच्या पोटात जाणार, त्यात पै वाचवायची नाही. जे वरून लावायचे, ते साधे घ्यायचे. आरसा उद्या बदलता येतो, नळ दिवसभरात बदलता येतो. पण फरशीखालचा गिलावा बदलायचा तर सगळे न्हाणीघर फोडावे लागते.

हे शहाणपण काही आमचे नव्हे. मोहेंजोदडो येथे गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जे महास्नानगृह उकरून काढले गेले, ते सुमारे बारा मीटर लांब, सात मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल आहे. पाणी झिरपू नये म्हणून तिथल्या गवंड्यांनी घट्ट बसवलेल्या विटांच्या मागे डांबराचा थर दिला होता. साध्या घरांतल्या न्हाण्यांनासुद्धा विटांची फरशी आणि गटाराकडे नेमका उतार. साडेचार हजार वर्षांपूर्वीची ही न्हाणी आजही जुनाट वाटत नाही, कारण तिच्यात नक्षी नाही, अक्कल आहे.

तेव्हा आमचाही पहिला खर्च झिरपण थांबवण्यावर झाला. जुनी फरशी पार स्लॅबपर्यंत उखडली. जलरोधक थर दिला, तो भिंतींवरही फूटभर चढवला. मग जाळीचे तोंड बंद करून न्हाणीत पाणी तुंबवले आणि दोन दिवस तसेच ठेवले. गवंडी कुरकुरला, “बाई, एवढं कोण करत नाही.” पण खालच्या शेजाऱ्यांनी येऊन “छत कोरडं आहे,” असे सांगितल्यावरच मी पुढच्या कामाला होकार दिला. वाचकहो, ही परीक्षा फुकट असते. ती घेतल्यावाचून एकही टाइल बसवू देऊ नका.

दुसरी गोष्ट उताराची. सहा फुटांत पाऊण ते एक इंच उतार असला म्हणजे पाणी आपसूक जाते आणि पायांनाही जाणवत नाही. उतार कमी पडला की पाणी साचते, शेवाळ धरते आणि मग माणूस घसरतो. तिसरी गोष्ट जाळीखालच्या ट्रॅपची. त्या वाकड्या भांड्यात दोन इंच पाणी नेहमी उभे राहते आणि तेच गटाराची दुर्गंधी अडवते. अशा वाकड्या नळीचे पेटंट १७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका घड्याळजीने घेतले. अडीचशे वर्षे झाली, अजून तिच्यावर कुणाला मात करता आली नाही! महिनाभर घर बंद राहिले तर हे पाणी सुकते आणि घरात वास सुटतो. गावाहून आल्यावर तिथे आधी तांब्याभर पाणी ओतावे, म्हणजे झाले.

जुने लोखंडी नळ गंजले होते, ते काढले. गरम पाण्यासाठी सी.पी.व्ही.सी. जातीचे नळ टाकले. साधे प्लॅस्टिकचे नळ उष्णतेने मऊ पडतात. गीझरसाठी वेगळी तार, पक्के अर्थिंग, आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे तीस मिलिअँपिअरचे स्विच. ओल्या अंगाने वावरायच्या जागी ही चैन नव्हे, प्राणरक्षण आहे. गीझर पंधरा लिटरचा, दोन किलोवॉटचा घेतला. साधारण पंचवीस अंशांचे पाणी साठ अंशांवर न्यायला त्याला वीसेक मिनिटे पुरतात. तेव्हा पहाटेपासून तो चालू ठेवणाऱ्यांनी विजेच्या बिलाला दोष देऊ नये!

आता टाइल्सचा हिशेब. आमच्या न्हाणीघराचा घेर वीस फूट, उंची नऊ फूट. छतापर्यंत टाइल्स लावल्या तर दाराची जागा वजा जाता एकशे साडेबासष्ट चौरस फूट होतात. सात फुटांवर थांबलो तर एकशे साडेबावीस. म्हणजे चाळीस चौरस फूट, जवळजवळ चौथा हिस्सा वाचला! पाणी काही सात फुटांवर उडत नाही. वरच्या पट्ट्याला ओल सोसणारा रंग दिला. कंटाळा आला की तो बदलता येईल.

रंग कोणता, यावर मात्र दोन दिवस खल झाला. अखेर भिंतींना साधा पांढरा ठरला. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ साली सुरू झाली, तेव्हा तिच्या स्थानकांना सहा इंच बाय तीन इंचांच्या पांढऱ्या टाइल्स लावल्या होत्या. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी त्याच घाटाच्या टाइल्स आज नवी घरे बांधणारे हौसेने लावतात. पांढऱ्यावर मळ लगेच दिसतो, अशी तक्रार मुलीने केली. दिसायलाच हवा, म्हणजे तो काढला जातो! रंगाची हौस बादलीवर आणि टॉवेलांवर भागवावी. जमिनीला मात्र फूटभराच्या, खरबरीत पोताच्या राखी टाइल्स घेतल्या. टाइल लहान म्हणजे सांधे जास्त आणि सांधे जास्त म्हणजे पायाला पकड जास्त. सांधे इपॉक्सीने भरले. सिमेंटपेक्षा महाग, पण पाणी पीत नाही. दोन्ही तऱ्हेच्या टाइल्सची एकेक पेटी जास्त घेऊन ठेवली, कारण पुढे एखादी फुटली तर तीच छटा मिळण्याची खात्री नसते.

काचेचा आडोसा रद्द झाला. चार फुटांच्या खोलीत काच लावली तर माणसाने उभे कुठे राहावे? शिवाय टँकरच्या पाण्याचे डाग पुसत बसणार कोण, असे विचारताच मुलीने मागणी मागे घेतली.

भिंतीवर, जमिनीपासून पावणेतीन-तीन फुटांवर, धरायला पोलादी दांडा बसवला, तोही विटेत खोल ठोकून. टॉवेलचा दांडा माणसाचा भार सोसत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे. दार बाहेर उघडणारे केले आणि कडी अशी लावली की वेळ पडल्यास बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येते. सगळा खर्च एक लाख अठ्ठावन्न हजारांवर गेला. आठ हजार जास्त झाले; ते यंदाच्या दिवाळीच्या कपड्यांतून वळते करून घेतले. पंधरा दिवस आम्ही चौघे शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात होतो, त्याचा हिशेब मात्र कुठल्याच वहीत मांडता येणार नाही.

दांडा पाहून सासूबाई प्रथम रुसल्या होत्या. “मला म्हातारी ठरवलंत का?” असे म्हणून चार दिवस त्याकडे पाहीनात. मी काही बोलले नाही. बाळंतपणानंतर याच न्हाणीत मला ऊनऊन पाणी घालताना त्यांचा हात कसा भक्कम होता, ते मला आठवत होते. त्या हाताला आता भिंतीवरच्या पोलादाचा आधार घ्यावा लागणार, हे माझ्याच्याने कुठे सहन होत होते!

नरकचतुर्दशीला पहाटे पहिली आंघोळ त्यांची. मी तेल लावले, उटणे कालवले, घंगाळात पाणी काढून दिले आणि बाहेर आले. दार लोटलेले होते. जरा वेळाने आतून धातूवर बांगडी वाजल्याचा किणकिण आवाज आला. त्यांनी दांडा धरला होता.

“अगं, बाहेर उभी आहेस का?” आतून विचारणा झाली.

“नाही, आई,” मी दाराशी उभी राहूनच म्हटले.

“मग जा, फराळाचं बघ. दार मोकळं आहे हो!”