जुनी गोष्ट, नवी भीती

सीमाभागातल्या घरांना ‘रिमेक’ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. एकच गोष्ट दोन भाषांत, दोन नायकांच्या तोंडून ऐकायची आपल्याला सवयच असते. आमच्या वहिनी धारवाडच्या. ‘सैराट’ त्यांनी इथे आमच्याबरोबर पाहिला आणि २०१७ मध्ये त्याचा कन्नड अवतार ‘मनसु मल्लिगे’ आला तेव्हा माहेरच्या मंडळींबरोबर तोही पाहून आल्या. नायिका दोन्हीकडे रिंकू राजगुरूच. कसा वाटला म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, “अदे कथे भाऊजी, गोष्ट तीच. पण शेवट ठाऊक असला की सगळा वेळ त्याचीच धास्ती वाटत राहते.”

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या दिवाळीत आमच्या घरी झालेला वाद. विषय होता हॉलिवूडचे विज्ञानपट. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. त्याचं म्हणणं असं की, बाकीच्या चित्रपटांचं काहीही असो, विज्ञानपटाचा रिमेक जुन्यापेक्षा सरसच असणार. तंत्र सुधारतं, पैसा वाढतो, मग जुन्यातला रबरी राक्षस कशाला बघायचा? दादा म्हणाला, जुनं ते सोनं, नव्यात नुसता भपका. दोघंही हटेनात, तेव्हा मला पंच नेमलं गेलं, कारण या जातीचे चित्रपट बघण्यात मी आयुष्यातले बरेच रविवार घालवले आहेत. दिवाळीत निकाल देता आला नाही, तो आता देतो.

पुतण्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम साक्षीदार म्हणजे ‘द थिंग’. मूळ कथा जॉन कॅम्पबेल यांची, १९३८ सालची. बर्फातल्या संशोधकांच्या तळावर परग्रहावरचा एक जीव सापडतो. हा जीव ज्याला गिळतो त्याचं हुबेहूब रूप घेतो. म्हणजे शेजारी बसून चहा पिणारा सहकारी खरा आहे की ‘तो’ आहे, हे ओळखायची सोय नाही. कथेची सगळी गोम इथेच. पण १९५१ मध्ये हॉवर्ड हॉक्स यांच्या निर्मितीत पहिला चित्रपट झाला तेव्हा नेमकी हीच गोम वगळली गेली. त्या काळच्या तंत्राला तसलं रूपांतर झेपणारं नव्हतं. त्याऐवजी जेम्स आर्नेस या उंचपुऱ्या नटाला रंगवून राक्षस म्हणून उभं केलं. तरी तो चित्रपट टाकाऊ नाही. उत्तर ध्रुवाकडच्या त्या तळावरची माणसं एकमेकांचं बोलणं तोडत, थट्टा करत भराभर बोलतात, सगळे मिळून संकटाला भिडतात आणि विजेने त्या राक्षसाला जाळून टाकतात. शत्रू बाहेर आणि आत एकजूट. शीतयुद्धाच्या सुरुवातीच्या अमेरिकेला हे आवडणारच. शत्रूशी आधी बोलून पाहू म्हणणारा शास्त्रज्ञ त्यात मूर्ख ठरतो, तेही त्या काळाला धरूनच.

दिग्दर्शक जॉन कार्पेंटरचं या जुन्या चित्रपटावर प्रेम. त्याच्या ‘हॅलोवीन’मध्ये (१९७८) घरातल्या टीव्हीवर हाच चित्रपट चालू असतो. पण १९८२ मध्ये रिमेक करताना त्याने जुना चित्रपट बाजूला ठेवला आणि कॅम्पबेलची कथा पुन्हा उघडली. आता तळ दक्षिण ध्रुवावर, बारा पुरुष, आणि कुणाचा कुणावर भरवसा नाही. रक्ततपासणीचा प्रसंग ज्यांनी पाहिला असेल ते तो विसरलेले नसतील. प्रत्येकाचं थोडं रक्त काचेच्या बशीत काढलेलं. कर्ट रसेल तापवलेली तार एकेका बशीला लावतो. माणसाचं रक्त नुसतं चुरचुरतं, ‘त्या’चं असेल तर जीव वाचवायला उसळणार. बाकीचे बांधून ठेवलेले, आणि प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघतोय. राक्षस दिसण्याआधीची ती दोन-तीन मिनिटं जास्त भयंकर आहेत. अर्थात राक्षसही काही कमी नाही. रॉब बॉटीन नावाच्या जेमतेम बाविशीतल्या पोराने हाताने घडवलेली ती रूपं बघताना आजही जेवणाचं ताट बाजूला ठेवावं लागतं.

गंमत म्हणजे हा चित्रपट तेव्हा पडला. ‘ई.टी.’ लागून दोनच आठवडे झाले होते, लोकांना परग्रहावरचा पाहुणा प्रेमळ हवा होता. समीक्षकांनीही झोडपलं. आज मात्र मूळापेक्षा सरस रिमेक कोणता असं विचारलं की पहिलं नाव याचंच निघतं.

इथे पुतण्या टाळी मागेल, पण थांब बाबा. २०११ मध्ये त्याच नावाचा आणखी एक चित्रपट आला, कार्पेंटरच्या गोष्टीच्या आधीचे दिवस सांगणारा. त्यासाठी यांत्रिक राक्षस घडवले होते, त्यांचं चित्रणही झालं होतं. नंतर त्यातलं बरंचसं संगणकाच्या चित्रांनी झाकून टाकलं गेलं. तंत्र एकोणतीस वर्षांनी पुढे गेलेलं, आणि भीती वाटेना.

दुसरी गोष्ट जॅक फिनी यांची, १९५४-५५ सालची. आकाशातून आलेल्या बियांच्या मोठाल्या शेंगा, आणि माणूस झोपला की त्यातून तयार होणारी त्याची नक्कल. चेहरा तोच, आठवणी त्याच, फक्त माया नाही. डॉन सीगल यांनी १९५६ मध्ये ती कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या गावात घडवली. एक मुलगा म्हणतो ही माझी आई नव्हे, एक बाई म्हणते हे माझे काका नव्हेत, आणि गावचा डॉक्टर त्यांची समजूत काढतो. छोट्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणूनच ते अंगावर येतं. फिलिप कॉफमन यांनी १९७८ मध्ये तीच गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोत नेली. शहरात शेजारच्या बिऱ्हाडात कोण राहतं तेच माहीत नसतं, मग माणूस बदलला तर कळणार कुणाला? एवढ्या एका बदलाने गोष्ट पुन्हा ताजी झाली. शिवाय सीगल यांच्या चित्रपटाला स्टुडिओने आशेचं ठिगळ लावायला भाग पाडलं होतं, कॉफमनने ते उसवलं. डोनाल्ड सदरलंडचा शेवटचा चेहरा मी इथे वर्णन करत नाही, न पाहिलेल्यांचा हक्क आहे तो. मला यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. जुन्या चित्रपटाचा नायक केव्हिन मॅकार्थी नव्यात रस्त्यावर गाड्यांवर हात आपटत, लोकांना सावध करत धावताना दिसतो, जणू बावीस वर्षं तो धावतोच आहे. आणि टॅक्सीवाला झालेत खुद्द डॉन सीगल. नव्या घराच्या वास्तुशांतीला जुन्या घरातल्या वडीलधाऱ्यांना पहिल्या पंगतीत बसवावं तसं झालं हे.

२००७ मध्ये निकोल किडमनला घेऊन हीच गोष्ट पुन्हा सांगितली गेली. चित्रपट तयार झाल्यावर त्यातला बराच भाग दुसऱ्यांकडून नव्याने चित्रित करून घेतला होता, आणि तो जोड दिसतो. पुढे चला.

आता दादाची बाजू. ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’, १९५१, दिग्दर्शक रॉबर्ट वाइज. क्लाटू नावाचा परग्रहवासी वॉशिंग्टनमध्ये उतरतो, एक सैनिक घाबरून त्याला गोळी घालतो. पुढे तो साध्या माणसाच्या वेशात एका खानावळवजा घरात खोली घेऊन राहतो, तिथल्या लहान मुलाशी गप्पा मारतो. आपली ताकद दाखवण्यासाठी तो काय करतो? जगभरातली वीज अर्धा तास बंद. दवाखाने आणि उडती विमानं तेवढी वगळून. (लोडशेडिंगच्या दिवसांत आपल्याकडे हे कुणाच्या ध्यानातही आलं नसतं, ते सोडा.) कुणी मरत नाही, काही कोसळत नाही, आणि तरी जग हादरतं. २००८ च्या रिमेकमध्ये कियानू रीव्ह्ज आहे, अणुबाँबच्या जागी पर्यावरण आहे, यंत्रमानव गॉर्ट प्रचंड झाला आहे आणि पुढे त्याचे असंख्य यंत्रकिडे होऊन ते दिसेल ते फस्त करत सुटतात. पर्यावरणाची काळजी खोटी नव्हे, विषय तर काळाला शोभणाराच होता. पण जुन्या क्लाटूला माणसांत राहून माणूस समजून घ्यायला सवड होती. नव्याला पडद्यावर मोडतोड दाखवायची घाई आहे. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’चंही तसंच. टिम बर्टन यांच्या २००१ च्या चित्रपटातले वानर १९६८ च्या वानरांपेक्षा दिसायला कितीतरी खरे, रिक बेकर यांची ती कमालच. पण समुद्रकिनाऱ्यावरच्या त्या जुन्या शेवटासमोर नवा शेवट नुसतं कोडं वाटतो.

स्पीलबर्गच्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’पाशी मात्र मी अडखळतो. १९५३ च्या चित्रपटाला विशेष दृश्यांसाठी ऑस्कर मिळालं होतं, पण त्यातली माणसं मला कधी फारशी लक्षात राहिली नाहीत. २००५ च्या चित्रपटात टॉम क्रूझ बंदरावर क्रेन चालवणारा, बायकोपासून वेगळा झालेला बाप आहे. दोन मुलं पदरात आणि त्यांना काय आवडतं तेही त्याला धड माहीत नाही. पहिल्या हल्ल्यातून तो घरी येतो तेव्हा त्याच्या अंगावर राख असते, आणि ती राख माणसांची आहे हे त्याला हळूहळू उमगतं. चार वर्षांपूर्वीचं न्यूयॉर्क अमेरिकन प्रेक्षक विसरला नव्हता. इथेही जुन्या चित्रपटातली जोडी, जीन बॅरी आणि अ‍ॅन रॉबिन्सन, शेवटी आजी-आजोबा म्हणून दारात उभी आहे. चित्रपट सरस, यात शंका नाही. पण एच. जी. वेल्स यांची १८९८ ची कादंबरी वाचलेल्याला एक गोष्ट खटकते. वेल्स यांनी पहिल्याच प्रकरणात टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचं नाव घेतलं आहे. युरोपियनांनी त्यांचं जे केलं तेच मंगळवाले आता लंडनचं करताहेत, तर तक्रार कुठल्या तोंडाने करायची, असा तो रोख आहे. साम्राज्याच्या राजधानीजवळ बसून इंग्रज लेखकाने हे लिहिलं. ज्यांच्यावर ते साम्राज्य होतं त्या आपल्यासारख्यांना हे चटकन कळतं. हॉलिवूडच्या दोन्ही चित्रपटांत हा टोला उरलेला नाही. तो रिमेक अजून व्हायचा आहे.

तेव्हा दोघांनाही माझं सांगणं असं. जुन्या चित्रपटाची नक्कल करायला बसलेला हरतो, त्याच्याकडे कितीही संगणक असोत. जो मूळ गोष्टीपर्यंत मागे जातो आणि तिच्यातली भीती आज कुठे राहते याचा पत्ता शोधतो, तो कधीकधी जिंकतो. ‘सोलारिस’ मी यातून वगळतो. तारकोव्हस्की यांचा १९७२ चा आणि सोडरबर्ग यांचा २००२ चा, दोन्हींवर मूळ लेखक स्टानिस्लाव लेम नाखूशच होते. त्यांना हवा होता माणसाला कधीच न कळणारा समुद्र, आणि दोघांनी सांगितलं माणसाचं दुःख.

राहिला ‘द फ्लाय’. वाद खरा पेटला तो यावरच. १९५८ चा चित्रपट रंगीत आहे, माँट्रियलमध्ये घडतो. वस्तू एका पेटीतून दुसऱ्या पेटीत पाठवणारं यंत्र, त्यात शास्त्रज्ञासोबत शिरलेली माशी, आणि झालेली अदलाबदल. त्याच्या धडावर माशीचं डोकं आणि एक हात, माशीला त्याचं डोकं. शास्त्रज्ञ डोक्यावर काळं फडकं घेऊन बायकोला चिठ्ठ्या लिहितो, ती माशी पकडून आण म्हणून विनवतो. माशीच्या डोक्याने हा माणसासारखा विचार कसा करतो, असं पुतण्याने विचारलं. उत्तर नाही. १९८६ मध्ये डेव्हिड क्रोनेनबर्ग यांनी ही अदलाबदल टाकून दिली. त्यांच्या चित्रपटात माणूस आणि माशी जनुकांपर्यंत एकजीव होतात. सेथ ब्रंडल (जेफ गोल्डब्लम) आधी तरतरीत होतो, चहाच्या कपात टाकतो तशी चमच्यामागून चमचे साखर कॉफीत टाकतो. मग नखं गळतात, दात जातात, कान जातो. गळलेले अवयव तो कपाटात जपून ठेवतो आणि त्यावर विनोदही करतो. त्याची मैत्रीण (जीना डेव्हिस) येते, बघते, घाबरते आणि तरी परत येते. निर्मिती विनोदी चित्रपटांसाठी गाजलेल्या मेल ब्रूक्स यांच्या संस्थेची. लोकांना थट्टा वाटू नये म्हणून त्यांनी आपलं नाव पुढे येऊ दिलं नाही. रंगभूषेला ऑस्कर मिळालं. पण हा चित्रपट रंगभूषेचा नाहीच. जवळचं माणूस दिवसागणिक ओळखू न येणारं होत जातं आणि आपण उशाशी बसून असतो, त्याची ही गोष्ट आहे.

मी हे सगळं उत्साहाने सांगत होतो. दादा म्हणाला, “म्हणूनच मला नको तो.” पूर्वी, भाड्याचा व्हीसीआर आणून आम्ही रात्री जागवायचो तेव्हा, हाच चित्रपट त्याने ओळीने दोनदा पाहिला होता. मग मला उमगलं. अण्णांच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांना उठवणं, भरवणं, दाढी करून देणं सगळं दादाने केलं. मी सुटीपुरता यायचो. “जुन्यात बरं,” दादा म्हणाला. “एकदम काय ते होतं. आणि तो लिहून तरी सांगतो.”

यावर पंच काय बोलणार? त्या रात्री आम्ही १९५८ चाच लावला. शेवटी बागेतल्या कोळ्याच्या जाळ्यात ती माशी अडकलेली, माणसाचं इवलं डोकं, आणि चिरक्या आवाजात मदतीची हाक. हे दृश्य करताना आपल्याला आणि हर्बर्ट मार्शल यांना हसू आवरत नव्हतं, असं व्हिन्सेंट प्राइस यांनीच पुढे सांगितलं आहे. पुतण्याही खो खो हसला. मग कोळी पुढे सरकला, हाक थांबेना, आणि त्याचं हसणं कधी बंद झालं ते कळलं नाही. वहिनींनी रिमोट घेऊन आवाज बारीक केला.