आधी कागद, मग पडदा

आमच्या घरी गेल्या मे महिन्यापासून एक वही चालू आहे. पहिल्या पानावर भाच्याने मथळा लिहिला होता, ‘व्हीआर हेडसेट : सामान’. त्यातला ‘सामान’ हा शब्द आम्ही नंतर लाल शाईने खोडून ‘माहिती’ असा केला. ती खोडाखोड बरीच महागात पडली.

डोळ्यांवर बांधला की समोर दुसरीच दुनिया दिसते, असा हा चष्मा. तो घरी बनवायचे वेड भाच्याला पामर लकीची हकिकत वाचून लागले. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा हा मुलगा जुने हेडसेट जमवायचा, उघडून पाहायचा आणि स्वतःचे नवे जोडायचा. 2012 साली त्याच्या ऑक्युलस कंपनीने किकस्टार्टरवर अडीच लाख डॉलर मागितले, तर चोवीस लाखांहून जास्त जमले. 2014 मध्ये फेसबुकने ती कंपनी घेण्याचा 2 अब्ज डॉलरचा सौदा जाहीर केला. भाच्याला या गोष्टीत अब्ज दिसले. आम्हाला दिसले ते जुने हेडसेट उघडून पाहणे.

पण ते आम्हालाही उशिराच दिसले. दोन वर्षांची ईदी आणि शेजारच्या मुलांच्या शिकवणीचे पैसे घालून त्याने मुंबईच्या एका दुकानातून मोबाईलचा सुटा पडदा आणला. पडदा छोटा, चित्र बारीक, भाव कमी. घरी आल्यावर कळले की त्याच्या चपट्या पट्टीवरच्या पिना केसाएवढ्या जवळ आहेत आणि कोणती पिन कशाची, हे कुठेही लिहिलेले नाही. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “आम्ही फक्त विकतो.”

“मामू, एचडीएमआयची वायर लावली की झाले ना?” भाच्याने विचारले. आमचा विषय उर्दू आणि मराठी. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारून मग दोघेही कागद शोधायला बसलो.

संगणक एचडीएमआयची भाषा बोलतो, मोबाईलचा पडदा एमआयपीआय डीएसआयची. मध्ये दुभाषा लागतो, म्हणजे भाषांतर करणारी चिप असलेला बोर्ड. शिवाय असा पडदा सुरू करताना त्याला ठरावीक आज्ञा ठरावीक क्रमाने द्याव्या लागतात. नाहीतर वीज मिळूनही तो काळाच राहतो. त्या आज्ञा पडद्याच्या डेटाशीटमध्ये असतात आणि कारखाने ती डेटाशीट बहुतेक वेळा मोठ्या गिऱ्हाइकांनाच, गुप्ततेचा करार करून देतात. एका नगाच्या गिऱ्हाइकाला कोण विचारतो!

एक वाट मात्र सापडली. अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नलवर चालतात आणि त्या कर्नलच्या परवान्यामुळे फोन कंपन्यांना त्याचा सोर्स कोड खुला करावा लागतो. त्यात पडद्याच्या आज्ञा आकड्यांच्या लांबलचक ओळींत लिहिलेल्या असतात. आमच्या पडद्याच्या फोनचा कोड मिळाला, आज्ञाही मिळाल्या. भाच्याने त्या वहीत हाताने उतरवल्या, अगदी किताबत केल्यासारख्या! तरी त्या बारीक पिनांना बसणारा बोर्ड नाही, म्हणून पडदा अजून कपाटातच आहे.

मग सरळ मार्ग धरला. ऑक्युलसने आपल्या पहिल्या डेव्हलपर संचाचे, म्हणजे डीके1 चे, आराखडे आणि आतले सॉफ्टवेअर सप्टेंबर 2014 मध्ये सर्वांसाठी खुले केले होते. ते आम्ही पानन् पान वाचले. त्यातला पडदा सात इंची, 1280 बाय 800 ठिपक्यांचा. म्हणजे एका डोळ्याच्या वाट्याला 640 बाय 800. पडद्याची रुंदी सुमारे 150 मिलिमीटर, म्हणून दोन अर्ध्या भागांचे मध्य 75 मिलिमीटरवर येतात. माणसाच्या बाहुल्यांमधले अंतर मात्र सरासरी 63च्या आसपास, त्यामुळे दोन्ही चित्रे आतल्या बाजूला सरकवावी लागतात. भिंगामुळे चित्राच्या कडा आत दबतात. ती खोड मोडायला चित्र आधीच पिंपासारखे फुगवून पाठवतात. हे वाचून भाचा खूप हसला.

भिंगांना कागदाची गरज पडली नाही. खिडकीबाहेरच्या नारळाची उलटी प्रतिमा भिंतीवर घेऊन नाभीय अंतर पट्टीने मोजले, दहावीच्या वर्गात करतात तसे. पडदा त्या अंतराच्या किंचित आत ठेवायचा. आपाला मात्र ताकीद द्यावी लागली की हे खोके उन्हात ठेवू नकोस. भिंगातून सूर्य पडद्यावर एकवटला तर पडदा जळतो.

दुसऱ्या खेपेला पडदा घेताना भाच्याने पैसे खिशातच ठेवले. आधी वही उघडून दुकानदाराला विचारले, डेटाशीट आहे का, एचडीएमआयचा बोर्ड सोबत आहे का, किती व्होल्ट लागतात. दोन दुकानांनी हात झटकले. तिसऱ्याने कागद दिला, तेव्हा पैसे दिले.

गेल्या रविवारी मगरिबनंतर तो पडदा उजळला. आपाने वाकून पाहिले आणि म्हणाली, “अरे, एकच घर दोनदा का काढलेस?” मग खोके तिच्या डोळ्यांना लावले. ती बराच वेळ काही बोलली नाही, नुसता हात पुढे करून चाचपत राहिली.

मान वळवली तरी घर अजून जागचे हलत नाही. त्यासाठी मानेची हालचाल ओळखणारा सेन्सर हवा आणि मान वळल्यापासून चित्र बदलेपर्यंत साधारण 20 मिलिसेकंदांच्या आत काम व्हायला हवे, नाहीतर मळमळते. आमचा पडदा सेकंदाला 60 चित्रे दाखवतो, म्हणजे जवळजवळ 17 मिलिसेकंद एका चित्रातच गेले. हिशेब तंग आहे. एमपीयू-6050 या सेन्सरची डेटाशीट भाच्याने छापून आणली आहे आणि समास भरून खुणा केल्या आहेत. सेन्सर अजून घेतलेला नाही.