पावणेदोन लाख मुली, १९ जागा

वर्दीतल्या स्त्रिया : लेखांक ४

मागच्या लेखांकात आपण चौदा वर्षं नोकरी करून पेन्शनविना घरी परतणाऱ्या अधिकारी स्त्रिया पाहिल्या, आणि त्यांना न्याय देणारा फेब्रुवारी २०२०चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही. ते झालं आत गेलेल्यांचं. मुळात आत जायचं कसं?

सैन्यात मुली वाढवायचा विषय निघाला की जागृतीची भाषा सुरू होते. मुलींना प्रोत्साहन द्या, पालकांची समजूत घाला, शाळांतून व्याख्यानं ठेवा. मला ही भाषा फार सोयीची वाटते. तिच्यात सगळा दोष मुलींच्या पदरात पडतो.

१८ ऑगस्ट २०२१ रोजी न्यायालयाने मुलींना एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, परीक्षेला बसू देण्याचा अंतरिम आदेश दिला. तयारीला वेळ हवा, पुढच्या मे महिन्यात बघू, हे सरकारचं म्हणणं न्यायालयाने मान्य केलं नाही. मुलींना अर्ज भरायला जेमतेम पंधरा दिवस मिळाले आणि परीक्षा १४ नोव्हेंबरला. तरी आलेल्या ५,७५,८५६ अर्जांपैकी १,७७,६५४ मुलींचे होते. दहांत तीन! त्यांतल्या १,००२ जणी लेखी परीक्षा पार करून पुढे गेल्या.

आणि जागा? लष्कराच्या २०८ पैकी १०, नौदलाच्या ४२ पैकी ३, हवाई दलाच्या १२० पैकी ६. एकूण १९. रविवारी कणीस-भजी खायला आपण पुणेकर ज्या खडकवासल्याला जातो, तिथल्या या प्रबोधिनीत एका जागेमागे नऊ हजारांवर मुली उभ्या होत्या. त्या पहिल्या तुकडीतल्या १७ जणी ३० मे २०२५ रोजी खेत्रपाल मैदानावरून संचलन करत बाहेर पडल्या.

लष्कराला दहाच मुली का हव्या होत्या? पायदळ, रणगाडा दल आणि यांत्रिक पायदळ ही थेट लढणारी दलं स्त्रियांना आजही बंद आहेत. तोफखान्यात पहिल्या पाच जणी गेल्या त्या एप्रिल २०२३मध्ये. जिथे पाठवायचं नाही तिथल्यासाठी भरती कशाला, असा हा हिशेब. पायदळात बाई असावी की नाही यावर वाद घालता येईल, मीही घालेन. पण तेवढा भाग वजा केला तरी २०८त १० हा आकडा कसा बसतो, ते मला उमगत नाही.

बरं, जिथे लढायचंच नाही तिथे तरी? लष्कराच्या कायदा शाखेचं काम म्हणजे फाइली, खटले, कोर्टमार्शल. तिथेही एका भरतीत नऊपैकी सहा जागा पुरुषांना आणि तीन स्त्रियांना ठेवल्या होत्या. स्त्रियांच्या यादीतल्या चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या उमेदवारांना निवड झालेल्या पुरुषांपेक्षा जास्त गुण होते, आणि त्या बाहेर! ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही वाटणी रद्द केली आणि एकच गुणवत्ता यादी लावायला सांगितलं.

जवानांच्या पातळीवर तर लष्करात मुलींसाठी वाट एकच आहे, लष्करी पोलिसांची. तिथली पहिली तुकडी मे २०२१मध्ये बंगळुरूहून बाहेर पडली. मुली होत्या ८३.

आता आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे पाचला रस्त्यावर या. ट्रॅक पँट घातलेल्या, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच धरून ८०० मीटरचं टायमिंग काढणाऱ्या मुली दिसतील. गोळाफेकीचा सराव उसाच्या कडेला, पडीक रानात. या सगळ्या पोलीस भरतीच्या. राज्याच्या नोकऱ्यांत स्त्रियांना ३० टक्के जागा आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे घरचेही अकॅडमीची फी भरतात. लष्कराच्या जवानभरतीत, म्हणजे अग्निवीरच्या ग्राउंडला, मुलींना १.६ किलोमीटर आठ मिनिटांत पळावं लागतं. अंतर दुप्पट, पण यांतल्या कितीतरी जणी दोन महिन्यांत ते काढतील. त्या लष्करासाठी पळत नाहीत, कारण जाहिरातीत आपल्यासाठी किती जागा आहेत हे त्या आधी वाचतात.

पुढच्या आठवड्यात नौदल, आणि गोव्याहून जगप्रदक्षिणेला निघालेली 'तारिणी'.